सोळाव्या वर्षी एकट्याने विमान? पायलट लायसन्सची नागपूरकरांसाठी सोपी फोड

दहावी-बारावीचे निकाल लागले की नागपुरात पायलट होण्याची चौकशी वाढते. अलीकडे त्याला कारणंही मिळाली आहेत. अमरावतीजवळ बेलोऱ्याला एअर इंडियाच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेची घोषणा झाली. गोंदियाजवळ बिरसीला प्रशिक्षणाची विमानं कित्येक वर्षांपासून घिरट्या घालतायत. आणि व्यावसायिक पायलट होण्यासाठी बारावीला फिजिक्स-मॅथ्स असलंच पाहिजे, ही अट काढून टाकण्याचा प्रस्ताव २०२५ मध्ये चर्चेत आला. घरोघरी प्रश्न सुरू झाले: किती वर्षं लागतात, किती पैसे लागतात, आणि मुळात एवढ्या लहान पोरांच्या हातात विमान देतात तरी कसं?

शेवटचा प्रश्न रास्त आहे. सोळा वर्षांच्या मुलीला वर्धा रोडवर ॲक्टिव्हा चालवायची कायद्याने परवानगी नाही. त्या वयात फार तर ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी चालते. पण त्याच मुलीला शिकाऊ वैमानिकाचं लायसन्स मिळू शकतं आणि ती विमानात एकटी बसून ते उडवून खाली आणू शकते. हे विचित्र वाटतं, कारण आपण दोन्ही लायसन्सं एकाच जातीची समजतो. गाडीचं लायसन्स एकदा मिळालं की विषय संपतो. विमानात मात्र विश्वास हप्त्याहप्त्याने दिला जातो, आणि प्रत्येक हप्त्याआधी कोणीतरी जबाबदार माणूस स्वतःची सही पणाला लावतो.

तीन पायऱ्या

भारतात हे सगळं डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय बघतं. पहिली पायरी स्टुडंट पायलट लायसन्स, बोलीत एसपीएल. वय १६ पूर्ण, दहावी पास, क्लास-२ मेडिकल, आणि प्रशिक्षण संस्थेत विमान, हवामान, नियम व दिशाज्ञान यांवर तोंडी परीक्षा. या लायसन्सवर प्रशिक्षकाच्या परवानगीने आणि देखरेखीखालीच उडता येतं. सोबत प्रवासी नेता येत नाही, सामान नेता येत नाही. आईला एक चक्कर मारून आणतो, हे स्वप्न इथे बसत नाही.

दुसरी पायरी प्रायव्हेट पायलट लायसन्स, पीपीएल. वय १७, किमान ४० तासांचं उड्डाण. त्यात ५ तास एकट्याने एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी उडालेले असावे लागतात, आणि त्यातली एक फेरी किमान १५० नॉटिकल मैलांची, म्हणजे सुमारे २७८ किलोमीटरची, दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून केलेली. या लायसन्सवर घरच्यांना घेऊन जाता येतं, पैसे घेऊन नाही.

तिसरी पायरी कमर्शियल, सीपीएल. वय १८, २०० तास, क्लास-१ मेडिकल. नोकरी मिळते ती इथून पुढे. बरेच विद्यार्थी पीपीएल न घेता एसपीएलवरून सरळ सीपीएलकडे जातात आणि नियमाला ते मान्य आहे. तरी माझं मत असं की मुलगा किंवा मुलगी सतरा वर्षांची असेल तर पीपीएलचा टप्पा वाया जात नाही. ४० तासांनंतर बाहेरचा परीक्षक एकदा कडक तपासून जातो. मनापासून हे करायचंय की नाही, तेही खरे पैसे जाण्याआधी कळतं.

आधी मेडिकल, मग बाकी सगळं

सगळ्यात महाग चूक इथे होते. संस्थेची फी भरली जाते, हॉस्टेल ठरतं, आणि सहा-आठ महिन्यांनी क्लास-१ मेडिकलमध्ये काहीतरी निघतं. एसपीएलसाठी क्लास-२ पुरतं, म्हणून क्लास-१ पुढे ढकलली जाते. नोकरीसाठी उडायचं असेल तर प्रवेश घेण्याआधीच दोन्ही तपासण्या करून घ्याव्यात. क्लास-२ डीजीसीएने मान्यता दिलेला डॉक्टर करतो. क्लास-१ त्यानंतर होते. त्यात डोळे, कान, ईसीजी, रक्त-लघवी, छातीचा एक्स-रे सगळं येतं.

चष्मा असला तर काय, हे जवळजवळ प्रत्येक घरातून विचारलं जातं. चष्मा चालतो, चष्मा लावून दृष्टी ठरलेल्या मापात आली पाहिजे एवढंच. खरी अडचण रंगांधळेपणाची. ठिपक्यांच्या वर्तुळात लपलेला आकडा ओळखायची चाचणी कुठलाही नेत्रतज्ज्ञ करतो. ती गल्लीतल्या दवाखान्यात आधी करून घेतली तर पुढचा सगळा खर्च वाचू शकतो. रात्री समोरच्या विमानाचा लाल दिवा दिसतोय की हिरवा, यावर ते कोणत्या बाजूने चाललंय ते कळतं, म्हणून हा आग्रह.

विदर्भाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट. आपल्याकडे सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे. उंचीवर ऑक्सिजन कमी होतो आणि कमी ऑक्सिजनमध्ये या पेशींचा आकार बदलतो, त्यामुळे मेडिकलमध्ये हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. घरात कोणाला असेल तर मुलाची रक्ततपासणी आधी करावी. वाहक असणं आणि आजार असणं यात फार फरक आहे, तो कागदावर स्पष्ट हवा.

पंख हवेत कसा टिकतो आणि कधी टिकत नाही

पुढचं सगळं समजायला एकच कल्पना पुरेशी आहे. संक्रांतीत पतंग उडवणाऱ्या प्रत्येकाला ती हाताने ठाऊक असते. पतंग वाऱ्याला योग्य तेवढा तिरपा राहिला की चढतो. जास्त उभा झाला की वारा नुसता अडवत बसतो आणि पतंग गोते खातो. विमानाचा पंखही समोरून येणाऱ्या हवेशी असाच एक कोन करतो. कोन वाढवला की उचल वाढते, पण साधारण १५-१६ अंशांपर्यंतच. त्यापुढे पंखावरची हवा चिकटून वाहायची थांबते, फाटते, आणि उचल एकदम कोसळते. याला स्टॉल म्हणतात. त्यावेळी इंजिन अगदी ठणठणीत चालू असतं.

आता माणसाचा स्वभाव बघा. विमान खाली जातंय असं वाटलं की हात आपोआप दांडी मागे ओढतो, नाक वर करतो. म्हणजे कोन आणखी वाढतो आणि स्टॉल आणखी खोल होतो. बरोबर कृती उलटी आहे: दांडी पुढे ढकलून नाक खाली घ्यायचं, पूर्ण ताकद द्यायची, पायातल्या रडरने, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूने, विमान सरळ ठेवायचं. प्रशिक्षणातले कितीतरी तास हा एक स्वभाव मोडण्यात जातात. सुरक्षित उंचीवर नेऊन मुद्दाम स्टॉल करायला लावतात, पुन्हा पुन्हा, हाताला उलटी सवय लागेपर्यंत.

आणखी एक बारकावा. विमान वळताना एका बाजूला कलतं, तेव्हा पंखांवर भार वाढतो आणि स्टॉल जास्त वेगालाच येतो. ४५ अंश कललं तर स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांत ४१ टक्क्यांनी. सरळ उडताना ४८ नॉटला (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल) स्टॉल होणारं विमान ६० अंशांच्या वळणात ६८ नॉटलाच पडायला लागतं. उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणात वेग कमी, उंची कमी, आणि धावपट्टीची रेघ चुकली म्हणून जास्त कलण्याचा मोह. शिकाऊ वैमानिकांचे जीवघेणे अपघात या जागी होतात, म्हणून प्रशिक्षक तिथे ३० अंशांच्या पुढे कलू देत नाहीत.

मोबाइल किंवा कॉम्प्युटरवरच्या गेममध्ये हे शिकता येतं का? यंत्रं ओळखायला मदत होते. पण गेम खेळून आलेली मुलं सतत समोरच्या घड्याळांकडे बघतात. खऱ्या विमानात बहुतेक वेळ नजर बाहेर, क्षितिजावर हवी. ही सवय सोडवायला प्रशिक्षकाला चांगलेच कष्ट पडतात.

उडण्याआधीचा अर्धा तास

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पोरगं विमानाभोवती उगाच फिरतंय. त्या फेरीत काय होतं ते जवळून बघू.

प्रशिक्षणाच्या पिस्टन इंजिनांच्या बऱ्याच विमानांना १००एलएल नावाचं पेट्रोल लागतं. त्याला मुद्दाम निळसर रंग दिलेला असतो. टाकी पंखात असते आणि पंखाखाली लहानशा झडपा असतात. प्रशिक्षणात सर्रास दिसणाऱ्या सेस्ना १७२ या लहान विमानाच्या नव्या मॉडेलला अशा १३ जागा आहेत. पारदर्शक नळी झडपेला दाबून प्रत्येक ठिकाणी थोडं इंधन काढायचं आणि उजेडात धरायचं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी वेगळा थेंब होऊन बसतं. रात्रभर अर्धवट भरलेल्या टाकीत दव धरतं, किंवा झाकणाचं रबर झिजलं की पावसाचं पाणी झिरपतं. हे पाणी इंजिनात पोचतं ते नेमकं उड्डाणावेळी, सगळी ताकद लागते तेव्हा.

यातला फसवा भाग असा की नळीत सगळंच पाणी आलं तर दोन थर दिसत नाहीत. सगळं एकसारखं, स्वच्छ. घाईतला विद्यार्थी म्हणतो, छान, पाणी नाही. म्हणून थर बघायचा, रंग निळा आहे का ते बघायचं आणि वासही घ्यायचा.

पंखाखाली एक बारीक नळी पुढे तोंड करून असते, पिटो ट्यूब. समोरून येणाऱ्या हवेच्या दाबावरून ती वेग मोजते. विमान उभं असताना तिच्यावर कापडी टोपी घालतात. टोपी राहिली नाही की कुंभारमाशी दोन दिवसांत तिच्यात मातीचं घर करते आणि वेगाचा काटा हलतच नाही. टोपी काढायची राहून गेली तरी तेच होतं. म्हणून धावपट्टीवर पळायला लागल्यावर पहिली नजर वेगाच्या काट्यावर. काटा जिवंत नसेल तर त्याच क्षणी थांबायचं. पुढे बघू म्हणायला जागा नाही, कारण उडाल्यावर उतरण्यासाठी वेग कळणं सगळ्यात गरजेचं असतं.

मग इंजिनाची तपासणी. विमानाच्या इंजिनात ठिणगी देणाऱ्या दोन स्वतंत्र यंत्रणा असतात, मॅग्नेटो. सेस्ना १७२ च्या एका सर्रास वापरातल्या मॉडेलमध्ये इंजिन मिनिटाला १८०० फेऱ्यांवर आणून एक-एक मॅग्नेटो बंद करून बघतात. फेऱ्या १५० पेक्षा जास्त घसरता कामा नयेत, आणि दोन्ही बाजूंच्या घसरणीत ५० पेक्षा जास्त फरक नको. फेऱ्या अजिबात घसरल्याच नाहीत तर? ते चांगलं लक्षण नाही. याचा अर्थ बंद केलेला मॅग्नेटो खरं तर बंदच झालेला नाही, आणि उभ्या विमानाचा पुढचा पंखा (प्रोपेलर) हाताने फिरवला तरी इंजिन चालू होऊ शकतं.

सर्किट आणि पहिली सोलो

धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या आयताकृती फेरीला सर्किट म्हणतात. उडायचं, साधारण जमिनीपासून १००० फुटांवर जायचं, धावपट्टीला समांतर उलट दिशेने यायचं, दोन वळणं घेऊन उतरायचं. नागपूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १०३३ फुटांवर आहे, त्यामुळे इथे उंचीच्या घड्याळात सर्किटला जवळपास २००० फूट दिसतात. घड्याळ हवेच्या दाबावर चालतं, म्हणून टॉवरने सांगितलेला त्या वेळचा दाब त्यात भरावा लागतो. एक हेक्टापास्कल (दाब मोजायचं एकक) चुकलं की साधारण ३० फूट चुकतात. दहा चुकले तर ३०० फूट.

दहा-वीस तासांत असा दिवस येतो की प्रशिक्षक दार उघडून उतरतो आणि विद्यार्थ्याला एक फेरी एकट्याने मारायला सांगतो. हीच सोलो. घरच्यांना धाडसाची वाटते, पण त्याआधी प्रशिक्षकाने त्या मुलाच्या चुका बघून घेतलेल्या असतात. बिघडलेलं लँडिंग ओढूनताणून पूर्ण करायचं नाही, ताकद देऊन पुन्हा वर जायचं, हा निर्णय मूल स्वतःहून घेतं का, हे मुख्यतः तपासलं जातं. गुळगुळीत लँडिंग नंतरही येतं. ते वर जाणं ज्याला जमत नाही, त्याला एकटं सोडत नाहीत.

सोलोत एक गोष्ट प्रत्येकाला चकवते. शेजारच्या खुर्चीतलं ७०-८० किलो वजन कमी झालेलं असतं. विमान लवकर उडतं, झपाट्याने चढतं, आणि उतरताना खाली बसायलाच तयार नसतं, धावपट्टीवर तरंगत राहतं. हे आधी सांगितलेलं असलं तर मूल घाबरत नाही.

नागपूरच्या सोनेगावसारख्या विमानतळावर हे सराव करायला जागा कमी. ए-३२० सारखं मोठं प्रवासी विमान उतरलं की त्याच्या पंखांच्या टोकांपासून निघालेले हवेचे भोवरे मागे रेंगाळतात आणि लहान विमान उलटवू शकतात, म्हणून मागून उतरणाऱ्या लहान विमानाला ३ मिनिटांचं अंतर ठेवतात. प्रवासी विमानांच्या रांगेत तासाला होतील तेवढी सर्किटं होत नाहीत. प्रशिक्षण बिरसीसारख्या कमी वर्दळीच्या जागी जातं, त्यामागे हे साधं कारण आहे.

मे महिन्यातलं नागपूर

ज्याला विदर्भात उडायचंय त्याने हा भाग दोनदा वाचावा.

हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत इंजिनाला ऑक्सिजन कमी मिळतो, पंख्याला ढकलायला हवा कमी मिळते, पंखाला उचल कमी मिळते. तिन्ही एकाच वेळी. वैमानिक याचा हिशोब एका आकड्यात करतात: आजची हवा किती उंचीवरच्या हवेसारखी वागतेय. त्याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. ठोकताळा असा की त्या उंचीला जे प्रमाण तापमान असतं, त्याच्यावर प्रत्येक अंशाला १२० फूट धरायचे. नागपूरच्या उंचीला प्रमाण तापमान साधारण १३ अंश. मे महिन्यात दुपारी ४५ अंश. फरक ३२, गुणिले १२०, म्हणजे ३८४०. त्यात मूळ १०३३ मिळवा. उन्हाळ्यात हवेचा दाबही कमी असतो, त्याचे आणखी दोन-तीनशे. एकूण पाच हजार फुटांच्या आसपास. म्हणजे सोनेगावला उभं असलेलं विमान महाबळेश्वरच्याही वरच्या उंचीवर उभं असल्यासारखं वागतं.

टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना सुमारे ३ टक्के ताकद गमावतं. सेस्ना १७२ ला समुद्रसपाटीवर जमीन सोडून ५० फूट उंची गाठायला सुमारे ५०० मीटर लागतात. इथे साधारण दीडपट धरा. मिनिटाला ७३० फूट चढणारं विमान ५०० च्या आसपास येतं. नागपूरची ३२०० मीटरची धावपट्टी याला पुरून उरते, पण लहान धावपट्टीवर, समोर झाडं असताना, हा हिशोब आयुष्यात एकदा चुकला तरी भारी पडतो. वजनही मोजून घ्यावं लागतं. दोन धडधाकट माणसं आणि गच्च टाकी, हे समीकरण डिसेंबरात चालतं आणि मे महिन्यात चालत नाही.

उतरताना याच उकाड्याचा दुसरा सापळा असतो. वेगाचा काटा हवेच्या दाबावर चालत असल्याने तो ६५ नॉट दाखवतो, तेव्हा विरळ हवेत विमान प्रत्यक्षात ७० नॉटने जात असतं. जमीन खालून जास्त वेगाने पळताना दिसते. डोळा म्हणतो फार वेग आहे, कमी कर. वेग कमी केला की स्टॉल जवळ. म्हणून डोळ्यावर भरवसा न ठेवता काट्यावरचा ठरलेला आकडा पाळायचा.

उन्हाळ्यात पहाटे उजाडल्यापासून सकाळी नऊ-दहापर्यंत उडणं, हे आपल्याकडचं शहाणपण. पावसाळ्यात प्रश्न बदलतो. विमानतळाच्या हद्दीत बाहेर बघून उडायचं तर ढगांचा तळ १५०० फुटांच्या खाली नको आणि ५ किलोमीटरपर्यंत स्पष्ट दिसायला हवं, त्यामुळे कित्येक दिवस विमानं जमिनीवरच राहतात. आणि कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) असलेल्या इंजिनात २४ अंशांच्या दमट हवेत बर्फ धरतो. नागपुरात, जुलैमध्ये, बर्फ! कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना हवा पसरते, पेट्रोलची वाफ होते, दोन्हीमुळे तापमान वीस-पंचवीस अंशांनी उतरू शकतं. इंजिन हळूहळू मंदावतं, वैमानिक नकळत थ्रॉटल पुढे ढकलत राहतो. यावर गरम हवेची एक कळ असते आणि ती वेळेवर ओढायची असते.

गोंदियाहून नागपूर, नकाशा मांडीवर

बिरसी ते नागपूर हवाई अंतर सुमारे ७४ नॉटिकल मैल. १०० नॉट वेगाने पाऊण तास. समोरून २० नॉट वारा असेल तर ५५ मिनिटं. इंधनाचा हिशोब वाऱ्यासकट करायचा असतो, तासाला ३०-३५ लिटर या दराने, वर राखीव ठेवून.

दिशेच्या चुकीसाठी सोपा नियम आहे: ६० मैल गेल्यावर एका अंशाची चूक तुम्हाला एक मैल बाजूला नेते. बिरसीहून ५ अंश चुकून निघालात तर नागपूरपासून सहा मैल, म्हणजे अकरा किलोमीटर बाजूला पोचता. त्या अंतरावर हलक्या धुरकट हवेत शहर दिसेलच असं नाही.

म्हणून वाटेत खुणा धरतात, आणि खूण निवडताना डोकं लागतं. भंडारा तलावांचा जिल्हा, वरून बघितलं की जिकडेतिकडे मामा (माजी मालगुजारी) तलाव. नकाशावर तलाव दिसला आणि खाली तलाव दिसला म्हणून तो तोच, असं नसतं. पावसाळ्यानंतर तर नकाशात नसलेली पाण्याची डबकीही चमकतात. भरवशाची खूण म्हणजे गोंदिया-तिरोडा-तुमसर रोड-कामठी अशी जाणारी रेल्वे, आणि ती वैनगंगा किंवा कन्हान ओलांडते ते पूल. एकट्या नदीपेक्षा नदी आणि रूळ जिथे छेदतात तो बिंदू नेमका असतो.

रस्ता चुकलाच तर शिकवलेली शिस्त अशी: वर चढा, म्हणजे लांबचं दिसेल आणि रेडिओ लांब पोचेल. टॉवरला सांगा. लाजू नका. लाजेने घालवलेली दहा मिनिटं टाकीतून जातात. आणि सूर्यास्तानंतर वीस मिनिटांच्या पुढे बाहेर बघून उडायची मुभा आपल्याकडे नाही, त्यामुळे संध्याकाळी हा उशीर आणखी महाग.

आणि इंजिन बंद पडलं तर?

आई हाच प्रश्न विचारते आणि तिला सरळ उत्तर मिळायला हवं. विमान दगडासारखं पडत नाही, तरंगत उतरतं. सेस्ना १७२ उंचीच्या साधारण नऊपट पुढे जातं. ३००० फुटांवर असाल तर सुमारे ८ किलोमीटरच्या टप्प्यात कुठेतरी शेत निवडता येतं आणि हातात चार मिनिटं असतात. पहिलं काम तरंगण्याचा योग्य वेग धरणं, दुसरं शेत निवडणं, तिसरं इंधनाची कळ, मॅग्नेटो वगैरे तपासणं, आणि मग रेडिओवर सांगणं. हा क्रम मुलाच्या जिभेवर असतो.

शेत निवडताना विदर्भ ओळखीचा असणं कामाला येतं. भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या बांध्या वरून मखमली दिसतात, पण प्रत्येक बांधीला धुरा असतो आणि चाक त्यावर आदळतं. पावसाळ्यातली काळी माती पुढचं चाक गिळते आणि विमान पालथं होतं. उन्हाळ्यात कापणी झालेलं, सपाट, वाऱ्याच्या दिशेने लांब असलेलं शेत चांगलं. विजेच्या तारा दिसत नाहीत, खांब दिसतात. दोन खांब दिसले की मध्ये तार आहेच असं समजायचं.

उड्डाणानंतर लगेच, पाच-सातशे फुटांच्या आत इंजिन गेलं तर मागे धावपट्टीकडे वळायचं नाही, समोरच थोडं डावं-उजवं करून उतरायचं. मागे वळायला १८० अंश पुरत नाहीत. धावपट्टीच्या रेघेवर परत यायला त्याहून जास्त वळावं लागतं, तेवढ्यात उंची संपते, आणि कमी वेगात जास्त कललं की वर सांगितलेला स्टॉल. प्रत्येक उड्डाणाआधी विद्यार्थ्याला हे मोठ्याने म्हणून दाखवायला लावतात.

पेपर, रेडिओ आणि मराठी माध्यम

सीपीएलसाठी डीजीसीएचे लेखी पेपर: एअर नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, नियम, आणि तांत्रिक विषयाचे दोन, एक सर्वसाधारण व एक तुम्ही उडवता त्या विमानाचा. प्रत्येकात ७० टक्के लागतात. त्याआधी डीजीसीएकडून कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षार्थीचा ओळख क्रमांक, घ्यावा लागतो. त्यासाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांची बोर्डाकडून पडताळणी लागते आणि तिला वेळ जातो, ती पहिल्याच महिन्यात टाकून द्यावी.

रेडिओचं प्रमाणपत्र, आरटीआर, वेगळं. ते पूर्वी दूरसंचार विभागाकडे होतं. भारतीय वायुयान अधिनियम २०२४, जो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला, त्याने ही जबाबदारी डीजीसीएकडे आणली. मराठी माध्यमातली मुलं इथे उगाच घाबरतात. रेडिओवरचं इंग्रजी म्हणजे ठराविक शब्दांची छोटी वाक्यं. टॉवरने धावपट्टी, उंची आणि दाब सांगितला की ते जसंच्या तसं परत म्हणायचं, म्हणजे ऐकण्यात चूक झाली असेल तर तिथल्या तिथे पकडली जाते. आंतरराष्ट्रीय मापात किमान लेव्हल ४ चं इंग्रजी लागतं. उच्चार वऱ्हाडी असला तरी हरकत नाही, न समजता 'येस' म्हणणं मात्र घातक.

आर्ट्स-कॉमर्सवाल्यांचं काय?

अट काढण्याचा प्रस्ताव आला म्हणून आजच अट गेली असं धरू नये. अर्ज करताना डीजीसीएच्या संकेतस्थळावर असेल तो नियम खरा. अट लागू असतानाही दार बंद नसतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून फिजिक्स आणि मॅथ्स हे दोन विषय देऊन पुढे गेलेले विद्यार्थी पुष्कळ आहेत. लागणारं गणितही डोंगराएवढं नाही: त्रैराशिक, कोन, वेग-वेळ-अंतर. ते विमानात, हादरे बसत असताना, तोंडी करता यायला हवं.

पैसा, आणि संस्थेला विचारायचे प्रश्न

२०० तासांचं प्रशिक्षण आज ४० लाखांच्या पुढे जातं. त्यानंतर ए-३२० किंवा ७३७ सारख्या एका मोठ्या विमानाचं प्रशिक्षण, टाइप रेटिंग, त्याचा खर्च वेगळा आणि तोही लाखांतच. लायसन्स हातात आलं म्हणजे नोकरी आली असं नसतं. मध्ये वर्ष-दोन वर्षं वाट बघावी लागू शकते, आणि कर्जाचा हप्ता तोवर थांबत नाही. घर गहाण टाकण्याआधी हे कागदावर मांडावं.

संस्था बघायला जाल तेव्हा चकचकीत कार्यालय न बघता हँगरमध्ये, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडमध्ये, जा. विमानं किती आहेत यापेक्षा आज त्यातली उडण्याजोगी किती, ते विचारा. किती प्रशिक्षक, किती विद्यार्थी, गेल्या वर्षी एकूण किती तास उड्डाण झालं. तिथे आत्ता शिकणाऱ्या दोन-तीन मुलांना बाजूला घेऊन विचारा, गेल्या महिन्यात किती तास झाले. २०० तास दीड वर्षात होतील असं सांगणाऱ्या संस्थेत महिन्याला पाचच तास होत असतील तर हिशोब तुम्हीच करा. रखडण्यात फक्त वेळ जात नाही. तीन आठवडे न उडलेल्या विद्यार्थ्याचे पहिले दोन तास जुनं आठवण्यात जातात आणि त्यांचेही पैसे पडतात. डीजीसीए २०२५ पासून प्रशिक्षण संस्थांना श्रेणी देऊ लागलं आहे, ती बघा. पूर्ण फी एकदम भरू नका. झालेल्या तासांप्रमाणे टप्प्याटप्प्याने भरण्याची आणि सोडल्यास परतीची अट लेखी घ्या.

मुलीचे आईवडील अजूनही विचारतात, हे मुलींचं क्षेत्र आहे का. भारतात वैमानिकांमध्ये महिलांचं प्रमाण सुमारे १५ टक्के आहे, जगाच्या सरासरीच्या जवळपास तिप्पट. लायसन्सच्या अटी दोघांना सारख्याच.

एवढा पैसा नसेल, किंवा मुलाला हे खरंच आवडतं का तेच आधी बघायचं असेल, तर शाळा-कॉलेजातल्या एनसीसीच्या हवाई शाखेची चौकशी करा. तिथे कॅडेटना मायक्रोलाइट या हलक्या विमानात प्रशिक्षकासोबत उडण्याची संधी मिळू शकते आणि त्यासाठी वेगळी फी भरावी लागत नाही. भरतीची चौकशी शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीलाच, जून-जुलैमध्ये करावी, कारण जागा मोजक्या असतात आणि सगळ्या शाळा-कॉलेजांना हवाई शाखा नसते.